घंटामार्गावरील सायंकाळ

सोल शहराच्या मध्यभागातून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या जुन्या राजरस्त्यास ‘जोंगनो’ असे म्हणतात. या नावाचा अर्थ घंटामार्ग. जोसन राजांच्या काळी येथील मंडपातील मोठ्या घंटेच्या ठोक्यांवर नगराचे दरवाजे उघडत आणि मिटत. बोशिनगाक नावाचा तो मंडप कितीदा तरी पडला, जळला व पुन्हा बांधला गेला. आजही नववर्षाच्या मध्यरात्री तेथे ३३ ठोके देण्याची प्रथा आहे. या राजमार्गावरून उमरावांच्या स्वाऱ्या जाऊ लागल्या की सामान्य जनांस वाटेत नतमस्तक व्हावे लागे. वारंवार घडणारा हा खोळंबा चुकविण्यासाठी लोक मागच्या अरुंद बोळातून ये-जा करीत. त्या बोळाचे नाव ‘पिमात्गोल’ असे पडले. पिमात्गोल म्हणजे घोडे चुकविण्याची गल्ली. ती गल्ली नव्या बांधकामांत बहुतांशी नाहीशी झाली असून त्याच परिसरात ‘ग्रान सोल’ ही काचेची जोड-इमारत उभी आहे. घोडे चुकविणाऱ्यांच्या या जागी प्रतिस्पर्ध्याचे डाव चुकविणाऱ्यांचा एक आखाडा असावा, हा योग आम्हांस मोठा मौजेचा वाटला.

आखाडा हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजला आहे. या इमारतीत २०१८ साली ‘लोल पार्क’ नावाचे एक क्रीडागृह उघडण्यात आले आणि २०१९ च्या आरंभापासून ‘लीग ऑफ लेजंड्स’ या संगणकीय खेळाच्या कोरियन व्यावसायिक स्पर्धेचे सामने तेथे होऊ लागले. २०२५ च्या उन्हाळ्यात नोकरीनिमित्त सोल येथे राहणाऱ्या आमच्या पुतण्याकडे आमचे जाणे झाले. राजवाडे व संग्रहालये पाहून झाल्यावर त्याने मोठ्या आग्रहाने आम्हांस या ठिकाणी नेले. मनात थोडी नाखुषी होती, हे लपविण्यात अर्थ नाही. संगणकापुढे बसलेली मुले पाहण्यासाठी का कोणी तिकीट काढावे?

क्रीडागृह फार मोठे नाही. सुमारे ४०० माणसे बसतील अशी ती वर्तुळाकार जागा आहे. मध्ये रंगमंच, त्यावर दोन बाजूंस पाच-पाच संगणक आणि वर सर्वांस दिसतील असे भव्य पडदे. बाहेर तरुण मुले-मुली आपल्या आवडत्या खेळाडूसाठी जाड कागदावर रंगीत अक्षरांत फलक लिहीत बसली होती. त्यांत कार्यालयातून थेट आलेले गृहस्थ होते, तशा मुलीसोबत आलेल्या आयाही होत्या. गोंगाट होईल असे वाटले होते. परंतु खेळाडू आसनांवर बसताच सभागृहात जी शांतता पसरली, ती आमच्याकडे नाटकाच्या तिसऱ्या घंटेनंतर पसरते तशी होती.

ज्या वाचकांस या खेळाची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. प्रत्येक संघात पाच खेळाडू असतात. रणभूमी चौकोनी असून दोन संघांची ठाणी समोरासमोरच्या कोपऱ्यांत असतात. त्यांच्यामध्ये तीन वाटा, वाटांच्या मध्ये रान आणि मधोमध तिरकी वाहणारी एक नदी. शत्रूच्या ठाण्याचा गाभा जो प्रथम फोडील तो जिंकला. प्रत्येक खेळाडू एकेका वीराचे रूप घेऊन लढतो. असे वीर १६० हून अधिक असून प्रत्येकाचे बळ व दुबळेपणा निराळा. बुद्धिबळात दोन्ही बाजूंची मोहरी सारखी असतात आणि ती आधीपासून मांडलेली असतात. येथे कोणती मोहरी घ्यावयाची, हाच पहिला डाव.

हा डाव दोन्ही प्रशिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली सर्वांसमक्ष खेळला जातो. आरंभी दोन्ही संघ आळीपाळीने तीन-तीन वीर वर्ज्य करतात. वर्ज्य केलेला वीर त्या डावात कोणासच मिळत नाही. मग एक संघ पहिला वीर घेतो, दुसरा दोन घेतो, पहिला पुन्हा दोन, दुसरा एक. यानंतर आणखी दोन-दोन वीर वर्ज्य होतात आणि उरलेल्या निवडी पुऱ्या होतात. पहिली निवड ज्याची, त्यास सर्वांत बलवान वीर मिळू शकतो; शेवटची निवड ज्याची, त्यास समोरचे सारे पाहून उत्तर देता येते. प्रत्येक निर्णयास अवधी जेमतेम अर्ध्या मिनिटाचा.

त्या सायंकाळचे दोन्ही संघ फारशा मोठ्या नावाचे नव्हते. तथापि ती दहा मिनिटे आम्ही विसरणार नाही. प्रशिक्षक खेळाडूंच्या पाठीमागे उभे होते. हातात वही, कानांवर बोलण्याचे यंत्र. एका संघाने असा वीर निवडला की जो दोन निरनिराळ्या वाटांवर चालतो. तो कोणाच्या हाती जाणार, हे समोरच्यास शेवटपर्यंत कळेना. दुसऱ्या संघाने एक प्रबळ वीर वर्ज्य न करता तसाच मोकळा सोडला. सभागृहात कुजबुज उठली. पुतण्या हळूच म्हणाला, “काका, तो मुद्दाम सोडलाय. घेतला तर उत्तर तयार आहे, न घेतला तर भ्याले असं होईल.” समोरच्यांनी घड्याळाचे शेवटचे क्षण येईपर्यंत विचार केला आणि तो वीर घेतला. उत्तर खरोखरच तयार होते. निवड संपल्यावर दोन्ही प्रशिक्षक मंचाच्या मध्यभागी आले, हस्तांदोलन केले आणि आत निघून गेले. यापुढे डाव संपेपर्यंत त्यांना खेळाडूंशी एक शब्दही बोलण्याची मुभा नव्हती.

ज्यांनी सापळा लावला होता, ते तो डाव हरले. योजना बरोबर होती. नदीकाठच्या एका झटापटीत एका मुलाचा हात क्षणभर मागे राहिला, इतकेच. डाव संपताच विजयी खेळाडू उठून पराभूतांच्या आसनांपाशी गेले व मुठीला मूठ लावून परतले. बडोद्याच्या जुम्मादादांच्या व्यायामशाळेच्या परंपरेत वाढलेल्या आमच्या पिढीस सलामीचा हा संस्कार परका वाटला नाही.

या दहा मिनिटांमागे किती दिवसांचा अभ्यास असतो, हे पुढे पुतण्याकडून ऐकले तेव्हा अधिक नवल वाटले. सरावासाठी तुल्यबळ प्रतिपक्ष लागतो आणि तुल्यबळ संघ थोडेच. त्यामुळे ज्यांच्याशी उद्या झुंजावयाचे, त्यांच्याशीच आज बंद दाराआड सराव करावा लागतो. मग कोणता डाव दाखवावा आणि कोणता राखून ठेवावा, हा प्रश्न रोजचा. शिवाय खेळ काढणारी कंपनी दर काही आठवड्यांनी वीरांच्या बळात फेरफार करीत असते, त्यामुळे कालचे ज्ञान उद्या पुरत नाही. त्यातच २०२५ पासून नवा निर्बंध आला : एका सामन्यात कोणत्याही संघाने एकदा वापरलेला वीर त्या सामन्यात पुन्हा कोणासच घेता येत नाही. पाच डावांचा सामना अखेरपर्यंत गेला, तर शेवटच्या डावापूर्वी ४० वीर संपलेले असतात. आवडते शस्त्र पहिल्याच डावात वापरावे की संकटासाठी राखावे, याचा हिशेब आदल्या रात्रीच करावा लागतो.

कोरियात हा नाद एकाएकी उपजलेला नाही. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर गल्लोगल्ली ‘पीसी-बांग’ म्हणजे भाड्याने संगणक देणाऱ्या खोल्या निघाल्या; १९९८ साली आलेल्या ‘स्टारक्राफ्ट’ या खेळाने त्या भरून गेल्या. २००४ साली बुसान येथील ग्वांगाल्ली किनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्यास एक लाखाचा समुदाय लोटल्याचे सांगतात. त्या रात्री जो संघ हरला, तो एसके टेलिकॉम या दूरध्वनी कंपनीचा नवा संघ होता. दूरध्वनी व्यवसायात तिची प्रतिस्पर्धी केटी. तिचाही संघ होता. बाजारातील चुरस अशी आखाड्यात उतरली आणि या दोहोंच्या सामन्यास कोरियात ‘दूरध्वनी कंपन्यांचे युद्ध’ असे नाव पडले.

या वैराची दोन टोके सांगण्याजोगी आहेत. २०१३ च्या उन्हाळी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हे दोन संघ भेटले. केटीने पहिले दोन डाव घेतले, एसके टेलिकॉमने पुढचे दोन. त्या काळच्या नियमानुसार निर्णायक पाचव्या डावात वर्ज्य करणे नव्हते. दोघांनी एकमेकांस न दाखविता वीर निवडावयाचे. पडदा उघडला तेव्हा मधल्या वाटेवरील दोन्ही खेळाडूंनी एकच वीर, ‘झेड’, निवडलेला होता. एक केटीचा रयू आणि दुसरा ‘फेकर’ या नावाने ओळखला जाणारा ली सांग-ह्योक, वय वर्षे १७. त्या दोघांच्या झुंजीत फेकर वरचढ ठरला व सामना ३-२ असा फिरला.

त्यानंतर बारा वर्षांनी, ९ नोव्हेंबर २०२५ रोजी, चीनमधील छंग्दू येथे जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. एसके टेलिकॉमच्या संघाचे नाव आता टी-वन झाले होते. मधल्या वाटेवर तोच फेकर. त्याच्या पाठीशी वही घेऊन उभे राहणारे किम जाँग-ग्यून २०१३ सालीही त्याच संघाचे प्रशिक्षक होते. आणि केटीचे प्रशिक्षक गो दोंग-बिन? २०१३ च्या त्या पराभवात ते केटीकडून स्वतः खेळले होते. सामना पुन्हा पाचव्या डावापर्यंत गेला. पहिल्या वेळी शेवटच्या डावात सारे वीर मोकळे होते आणि दोघांनी एकच उचलला. या वेळी ४० वीर आधीच संपलेले होते आणि उरलेल्यांतून मार्ग काढावयाचा होता. टी-वन ३-२ ने जिंकला व सहाव्यांदा जगज्जेता झाला.

बारा वर्षे एकमेकांचा असा अभ्यास करणारी माणसे शत्रू कशी म्हणावीत? गो दोंग-बिन यांच्या चालीतील सामर्थ्य व उणीव टी-वनच्या लोकांइतके कोण जाणत असेल! प्रतिस्पर्धी काय घेईल, काय टाकील, कोठे कचरेल याचा विचार करता करता मनुष्य त्याच्या मनात शिरून पाहतो. आप्तसुद्धा इतके लक्ष देत नाहीत.

या मुलांच्या हाती वेळ थोडा असतो, हेही विसरता येत नाही. कोरियात तरुणांस सक्तीची सैनिकी सेवा करावी लागते, आणि ती बहुधा खेळाच्या ऐन उमेदीतच आड येते. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत या खेळात सुवर्णपदक मिळविणाऱ्या सहा जणांस त्यातून सूट मिळाली. फेकर त्यांपैकी एक. इतरांस ती वाट नाही. कागदावरच्या रंगीत नावांमागे हा हिशेबही असतो.

आपल्या घरांतून या खेळांविषयी जी चिंता ऐकू येते, ती अगदीच निराधार नाही. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, परंतु ई-स्पोर्ट्स त्यांपासून वेगळे मानून त्यांस मान्यता दिली. कायद्याने रेघ ओढली, तरी घरात ती वडीलधाऱ्यांनाच ओढावी लागते, आणि त्यासाठी मुलगा नेमके काय खेळतो हे पाहणे भाग आहे. रात्रंदिवस पडद्यास चिकटून राहणे निराळे; स्वतःची आवडती वस्तू वेळीच सोडून देण्याचा, मोजक्या क्षणांत ठाम निर्णय घेण्याचा आणि हरल्यावर समोरच्याच्या मुठीस मूठ लावण्याचा अभ्यास निराळा. सोल येथे जाणाऱ्या वाचकांनी राजवाडे अवश्य पाहावेत. परंतु एक सायंकाळ घंटामार्गासाठी राखून ठेवावी, आणि सोबत घरातील एखादे तरुण मूल न्यावे. समजावून सांगण्याचे काम त्या दिवशी त्याच्याकडे असू द्यावे.