पाकिटावर पत्ता कोणता छापायचा?

गेल्या पावसाळ्यात शिरढोणच्या आमच्या विहारात सलग तीन रविवार एकाच प्रश्नावर वाद झाला. बायकांच्या बचत गटाच्या मसाल्याच्या पाकिटावर पत्ता कोणता छापायचा? 'बौद्धवाडी, शिरढोण, ता. पनवेल, जि. रायगड' की नुसते 'मु. पो. शिरढोण'?

हा वाद आणला आमच्या पुतणीने. ती ई-कॉमर्सच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरातली पहिली पदवी. तिने प्रवेश घेतला तेव्हा आम्हीच नाक मुरडले होते, हे आधी कबूल करतो. ऑनलाइन दुकानदारी शिकायला तीन वर्षे कशाला, त्यापेक्षा एमपीएससीचा अभ्यास कर, असे सांगणाऱ्यांत आम्ही पुढे होतो. चळवळीतल्या आपल्या पिढीला सरकारी नोकरीपलीकडचे दिसत नाही आणि व्यापार म्हणजे शेटजींचे काम, हे डोक्यात घट्ट बसलेले आहे. पण ज्या बाबासाहेबांचे नाव घेऊन आपण बोलतो, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय काढले. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा माणूस बाजाराकडे पाठ फिरवा असे सांगेल का?

प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीला पात्र असूनही तिच्याकडे पूर्ण फी मागितली गेली. महाडीबीटीचे पैसे आले की परत देऊ, म्हणाले. आम्ही चौघे शासन निर्णयाची प्रत घेऊन गेलो, दोन तास कार्यालयाबाहेर बसलो, तेव्हा कुठे प्रवेश झाला. त्यावर वेगळे लिहू.

अभ्यासक्रमाबद्दल आमचा खरा आक्षेप दुसराच आहे. शिरढोण मुंबई-गोवा महामार्गावर. न्हावा-शेवा बंदर जवळ. पळस्पे फाट्यापासून उरणपर्यंत गोदामेच गोदामे. ऑनलाइन बाजार आमच्या गावात मोबाइलमधून यायच्या आधी कंटेनरमधून आला. वाडीतली पोरे रात्रपाळीला तिथेच जातात. आणि पदवीतले प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण म्हणून पुतणीलाही अशाच एका गोदामात पाठवले. आठ तास उभे राहून बारकोड स्कॅन करायचे. शेजारी तिचा दहावी नापास चुलतभाऊ, तेच काम, तेच यंत्र हातात. त्याला पगार, हिला क्रेडिट. घरी येऊन म्हणाली, "काका, मला विकायला शिकवतायत की उचलायला?" हा प्रश्न ई-कॉमर्स शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक पोराने विचारला पाहिजे. जीएसटी, करार, ग्राहक कायदा, मालाची किंमत काढणे, बाजारवाल्या कंपनीचे कमिशन वाचणे, हे शिकवत असतील तर ती पदवी. नुसते पॅकिंग शिकवत असतील तर तो स्वस्त मजूर पुरवण्याचा धंदा झाला.

ती मात्र वर्गात जे मिळाले ते घेऊन वाडीत आली. काकी-मावश्यांचा आगरी-कोळी धर्तीचा मसाला पनवेलच्या बाजारात सुटा जायचा. तिने अन्नसुरक्षेची नोंदणी केली. पूर्वी ऑनलाइन विकायचे तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला त्यातून सूट आहे. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. तिला होते. सरकारी खात्यांच्या खरेदीत लघुउद्योगांचा २५ टक्के वाटा असतो आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी असतात, हेही तिनेच सांगितले. आम्ही वीस वर्षे आरक्षणावर भाषणे करतोय!

मग आला पत्ता. पाकीटबंद मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता छापावा लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन बाजारालाही विक्रेत्याचे नाव-पत्ता ग्राहकाला दाखवावा लागतो. ग्राहकाच्या हितासाठी नियम चांगलाच आहे. पण आपल्या देशात पत्ता म्हणजे जात. शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचे ठरवले, ते उगाच नाही.

एक ज्येष्ठ म्हणाले, लोक मसाला पोटात घालणार आहेत, 'बौद्धवाडी' वाचून कोण घेईल? गावाचे नाव पुरे, कायद्याचे काय ते बघू. यावर तरुण पोरांनी आवाज चढवला. आम्हाला दोघांचेही पटत होते, म्हणून गप्प होतो.

ज्यांना वाटते ऑनलाइन बाजाराला जात नसते, त्यांनी बाबासाहेबांची पेढी आठवावी. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत परतल्यावर त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला सल्लागार, गिऱ्हाईक येऊ लागले. सल्ला देणारा महार आहे हे कळले आणि गिऱ्हाईक तुटले. सल्ला तोच होता. नंतर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथे पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडू नका. जून २०२२ मध्ये लखनौत जेवण पोचवणाऱ्या दलित तरुणाने तक्रार दिली, की जात विचारून ग्राहकाने त्याच्या हातचे अन्न नाकारले. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शाकाहाऱ्यांसाठी हिरव्या गणवेशातली वेगळी फौज जाहीर केली. टीका झाली तेव्हा दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला. ॲप नवीन, शिवताशिवत जुनी.

तिसऱ्या रविवारी निकाल लावला तो बायकांनीच. गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "दर २० मार्चला महाडला जाणाऱ्या गाड्या याच रस्त्याने जातात. निळा झेंडा लावून आपण त्यात बसतो. मग पाकिटावर लपवायचं कशाला?" पत्ता पूर्ण छापला.

पहिल्या दोन महिन्यांत माल गेला, चांगला गेला. काही पाकिटे परत आली. परत करण्याचे कारण निवडायला तिथे ठरावीक पर्याय असतात: चुकीचा माल, खराब माल, उशीर, आता नको. आमची बहुतेक 'आता नको' म्हणून आली, फोडलेलीही नव्हती. त्यातली जातीमुळे किती, हे सिद्ध करायला आमच्याकडे काही नाही, आणि पुरावा नसताना आम्ही आरोप करणार नाही. त्या पर्यायांत हे कारण नाही, एवढे मात्र खरे.

पुतणीने वही घातली आहे. ऑर्डर कुठून आली, परत कधी आली, कारण काय दिले. शेजारी पनवेलच्या एका दुकानदार मैत्रिणीच्या तशाच मसाल्याचे आकडे. तिच्या पाकिटावर नुसता शहराचा पत्ता आहे. हाच शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून द्यायचा तिचा विचार होता. विषय अभ्यासक्रमात बसत नाही, असे तिला सांगण्यात आले. प्रकल्पासाठी तिने दुसरा विषय घेतला आहे. वही बंद केलेली नाही. तुमच्या वस्तीत कुणी ऑनलाइन माल विकत असेल तर अशीच वही घाला आणि आकडे आम्हाला कळवा. एका वाडीच्या वहीने काही सिद्ध होणार नाही.

जय भीम.