हार नसलेली तसबीर

आमच्या घरच्या भिंतीवरचा आजीचा फोटो मुळात तिचा एकटीचा नव्हताच. मावशीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून स्टुडिओवाल्याने तिचा चेहरा वेगळा काढला, एन्लार्ज केला, आजूबाजूची माणसं पुसून टाकली. खांद्यावर मात्र कुणाची तरी दोन बोटं राहून गेली. तेराव्याच्या आदल्या दिवशी फ्रेम आली आणि आईने तिला चंदनाचा हार घातला. भिंतीवर फोटो आणि फोटोला हार, म्हणजे माणूस गेलं, हे आपल्याकडे पोरांना न सांगता कळतं. जिवंत माणसाच्या फोटोवर कुणी खेळता खेळता जरी माळ टाकली, तरी आई हातातलं काम सोडून धावायची. “काढ आधी ते!”

नोरा कोर्तिन्यास यांचं छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा म्हणूनच माझी नजर हार शोधत गेली. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली ठेंगणी म्हातारी, आणि तिच्या गळ्यात अडकवलेला, छातीवर आलेला एका तरुणाचा फोटो. तो त्यांचा मुलगा गुस्तावो. १५ एप्रिल १९७७ रोजी अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने त्याला उचललं. तो २४ वर्षांचा होता. नोरा तोवर शिवणकाम शिकवणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बाई. त्यानंतरची ४७ वर्षं त्यांनी तो फोटो गळ्यात वागवला. त्यांची वेगवेगळ्या वर्षांतली पोर्ट्रेट एकापुढे एक ठेवून पाहा. आईचा चेहरा सुरकुतत जातो आणि छातीवरचा मुलगा चोवीसचाच राहतो. शेवटी शेवटी तो नातू वाटायला लागतो.

त्या फोटोला हार नाही, कारण हार घातला असता तर सरकार सुटलं असतं. १९७६ ते १९८३ या काळात तिथे माणसं घरातून, रस्त्यातून, कामावरून नेली गेली. प्रेत नाही, कागद नाही, अटकेची नोंद नाही. ‘गायब झालेले’ एवढाच शब्द उरला. चौकशी आयोगाने ८,९६१ जणांची नोंद केली, मानवी हक्क संघटना आकडा ३०,००० सांगतात. ३० एप्रिल १९७७ रोजी १४ बायका ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो या चौकात, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर, आपल्या मुलांची चौकशी करायला जमल्या. घोळका करून उभं राहायला बंदी, पोलीस म्हणाले चालत राहा. त्या चालायला लागल्या. एकमेकींना ओळखता यावं म्हणून पुढे त्यांनी डोक्याला तान्ह्या बाळाचे लंगोट बांधले. तोच तो पांढरा रुमाल. त्यांना एकत्र आणणाऱ्या असुसेना व्हियाफ्लोर यांना त्याच वर्षी १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनीच, पळवून नेलं. त्यांचे अवशेष ओळखता आले ते २००५ मध्ये.

आयांच्या हातातले बरेचसे फोटो ओळखपत्रावरचे, पासपोर्ट साइझ. समोर पाहणारा चेहरा, विंचरलेले केस. नागरिकाची नोंद म्हणून सरकारनेच मागितलेला फोटो. तेच सरकार आता म्हणत होतं, असा कुणी आमच्याकडे नाही. आया तोच फोटो मोठा करून सरकारच्या दारात नेत होत्या.

आणि एक माणूस हेच काम आतून करत होता. व्हिक्तर बास्तेरा हा छापखान्यातला कारागीर. ऑगस्ट १९७९ मध्ये त्याला बायको आणि तान्ह्या मुलीसकट उचललं आणि आरमाराच्या ‘एस्मा’ या यांत्रिकी शाळेत डांबलं. शाळा नावाला, आत छळछावणी. छळानंतर त्याला तिथेच अधिकाऱ्यांची खोटी ओळखपत्रं बनवायला बसवलं. प्रत्येक अधिकाऱ्याच्या फोटोच्या चार प्रती लागायच्या. बास्तेरा पाच काढायचा. पाचवी प्रत फोटोच्या कोऱ्या कागदाच्या खोक्यात दडवायचा. ते खोकं उजेडात उघडलं की आतला सगळा कागद फुकट जातो, त्यामुळे पहारेकरी त्याला हात लावत नसत. डार्करूममध्ये काम केलेल्या माणसालाच सुचावी अशी ही जागा. पुढे त्याला अधूनमधून घरी सोडू लागले, तेव्हा एकेक चेहरा तो कपड्यांत लपवून बाहेर नेत गेला. जाळायला काढलेल्या कैद्यांच्या निगेटिव्हमधल्याही मूठभर त्याने उचलल्या. त्यातला एक चेहरा फर्नांदो ब्रॉदस्कीचा, अंगात बनियन, मागे भिंत. तो परत आला नाही. १९८५ मध्ये लष्करशहांवर खटला चालला, त्यात बास्तेराने साक्ष दिली आणि त्याचे फोटो पुरावा झाले.

मला तो पाचवा फोटो जगातल्या कुठल्याही मोठ्या पोर्ट्रेटहून मोठा वाटतो.

कार्यकर्त्यांची देखणी पोर्ट्रेट मी खूप पाहिली आहेत. काळा पडदा, एका बाजूने मऊ प्रकाश, डोळ्यांत दूरचं काहीतरी. ती पाहून मन भरतं आणि जरा धास्तीही वाटते. इतका सुंदर उजेड पडला की माणूस देवघरात जाऊन बसतं, मग आपण नमस्कार करतो आणि आपल्या कामाला लागतो. तोही एक हारच. छायाचित्रकार आद्रियाना लेस्तीदो यांनी १९८२ मध्ये आवेयानेदातल्या निदर्शनात टिपलेल्या फोटोत असा उजेड नाही. एका बाईच्या कडेवर लहान मुलगी, दोघींच्या डोक्याला पांढरे रुमाल, दोघींची तोंडं ओरडताना उघडलेली, पोरीची इवलीशी मूठ वर. त्यांचा आवाज ऐकू येत नाही याचाच त्रास होतो. लेस्तीदो यांचा स्वतःचा नवराही १९७८ पासून बेपत्ता होता.

नोरा ३० मे २०२४ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी गेल्या. गुस्तावो सापडला नाही. दर गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लाझा दे मायोत फेरी अजूनही निघते.