आधी घर, मग रस्ता

आमचं महागाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं, गडहिंग्लजजवळचं नव्हे. नागपूर-तुळजापूर महामार्ग चौपदरी करताना आमच्या गावावरून दोन टप्पे पाडले गेले: यवतमाळ ते महागाव सुमारे ८० किलोमीटर आणि महागाव ते वारंगा सुमारे ६७. गावाला एवढा मान पूर्वी कुणी दिला नव्हता!

मोठा रस्ता आला की त्याच्या कडेचं शेत एकराने विकलं जात नाही, गुंठ्याने विकलं जातं. एकरात चाळीस गुंठे. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण हे गणित मलाही येतं. लेआउटमधला दोनशे फूट लांबीचा रस्ता तीस फुटांऐवजी वीस फुटांचा आखला, की दोन हजार चौरस फूट वाचतात. म्हणजे जवळजवळ दोन गुंठे जास्त विकायला मिळतात. विकणाऱ्याची सोय होते. पुढे त्या गल्लीत अँब्युलन्स शिरत नाही, ती गैरसोय मात्र घेणाऱ्याची.

मग घर आधी होतं आणि रस्ता, नाली, नळ मागाहून मागायचे. असे तुकडे नियमित करायला २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात बसू लागली. गरिबाचं घर वाचलं, हे चांगलंच झालं. पण कागद नियमित झाला म्हणून गल्ली रुंद होत नाही हो.

आणि आपली माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया वरवरचा असला तर भिंतीलाही तशाच भेगा. त्यातून शेतातला जुना ओघळ बुजवून प्लॉट पाडला, तर पाणी आपली वाट विसरत नाही. जुलै २०२३ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाठवावी लागली होती. तो मोठा पूर होता, मान्य. पण लहान पाण्याला तरी आपण जागा ठेवावी की नाही?

पुण्या-नागपूरच्या भाचे-पुतण्यांचे फोन येतात, "मामा, महागावात प्लॉट घेऊन ठेवू का?" घ्या बाबांनो, गाव वाढतंय याचा मला आनंदच आहे. पण अकृषक परवानगी आणि मंजूर नकाशा बघा. नकाशातली मोकळी जागा प्रत्यक्षात कुठे आहे ते विचारा. आणि प्लॉट बघायला दिवाळीत येऊ नका, श्रावणात या. चिखलात चप्पल रुतली की दलालाने न सांगितलेलं सगळं कळतं.

मोकळी जागा राहिली तर तिथे उद्या पोरं खेळतील. तीसुद्धा विकली गेली, तर ती परत कुणाकडून विकत घ्यायची?

असो. तुमच्या गावाकडे काय चाललंय, जरूर कळवा.