तीन घटी एकेचाळीस पळं

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि काही दिवस वाचन बंद झालं. माझ्याकडे एक मुलगी शिकायला येते. बियाण्यांच्या कंपनीत हिशेब बघते, त्यामुळे आकडे वाचताना तिची जीभ अडखळत नाही. एका रविवारी तिनं लाल फडकं सोडून माझी लग्नसारणी काढली आणि शेवटच्या पानावरची उदयमानं, म्हणजे एकेक रास उगवायला लागणारा वेळ, वाचायला लागली. मेष तीन घटी एकेचाळीस पळं, वृषभ चार-तेरा, मिथुन पाच-चार. वाचता वाचता थांबली. "काका, ही सारणी कुठल्या गावाची?"

मी म्हणालो, "पुढं वाच." ती वाचत राहिली, मी मात्र तिथंच अडकलो. तीस वर्षं ते पान माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं, कानावर पहिल्यांदाच पडत होतं. परतूरला ओसरीवर बसवून वडिलांनी मुंजीनंतर पाठ करून घेतलेलं वेगळंच होतं. तीन-पंचावन्न, चार-पंचवीस, पाच-नऊ. आणि तीन-एकेचाळीस कुठलं, हे आमच्या धंद्यातलं पोरगंही सांगेल. काशीचं.

आता त्या सारणीबद्दल खरं सांगतो. वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेतली निम्मी पुस्तकं वाळवीनं खाल्लेली निघाली. उरलेल्यांत आपली म्हणावी अशी एक पोथी नव्हती, याचं मला वाईट वाटायचं. तेव्हा नव्या जालन्यात एका रद्दीवाल्याकडे ही सारणी दिसली. मुखपृष्ठ नाही, पहिली चार पानं नाहीत, पण कागद जाड आणि छपाई अशी ठसठशीत की बोट फिरवलं तर अक्षर लागावं. दहा रुपयांना घेतली. लाल फडक्यात बांधली, वेखंडाची पुरचुंडी ठेवली, आणि आल्यागेल्याला "आजोबांची" म्हणून दाखवायला लागलो. पहिल्यांदा कुणाला तसं सांगितलं ते आठवत नाही. पुढं पुढं मलाच ते खरं वाटायला लागलं. आजोबांच्या पुस्तकाला गाव कोण विचारतो?

ग्रंथसंग्रह म्हणाल तर माझी चार कपाटं आहेत. त्यातली तीन लोकांसाठी. बृहज्जातक चार टीकांसह, पाराशरीच्या तीन आवृत्त्या, आणि एक संस्कृत संहिता, जिची पानं मी अजून पुरती फाडलेलीसुद्धा नाहीत. पाहुणा आला की त्याची नजर कपाटावरून फिरते तेव्हा बरं वाटतं, ते नाकारून काय उपयोग. चौथ्या कपाटात जुनी पंचांगं आहेत, कोपऱ्यात भोक पाडून सुतळी ओवलेली, हळदीच्या बोटांची. वडिलांनी त्यांच्या कडेला गावातल्या जन्मवेळा पेन्सिलीनं टिपल्या आहेत. काम त्याच कपाटावर चालतं. लोक पाडव्याला जुनं पंचांग गोदावरीत सोडतात, तेव्हा माझ्या पोटात कालवतं. शके १८९४ चं, परिधावी संवत्सराचं पंचांग मिळवायला मला अकरा वर्षं लागली. ते १९७२ च्या दुष्काळाचं वर्ष. त्या साली जन्मलेली माणसं आमच्या भागात थोडी नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या जन्माबद्दल दुष्काळ एवढंच ठाऊक असतं.

माझ्या मिरवण्याचा आणखी एक नमुना सांगून टाकतो. ढुंढिराजाचं जातकाभरण पार्थपूरचं. त्याचे गुरू ज्ञानराज, सिद्धान्तसुंदर लिहिणारे, तेही पार्थपूरचे. काळ शके १४२५ चा, म्हणजे १५०३. नावाच्या जवळिकीवर मी कित्येक वर्षं सांगत होतो की पार्थपूर म्हणजे आमचं परतूर. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ चा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास कपाटात होता, फक्त वाचायचा राहिला होता. पार्थपूर गोदेच्या उत्तर तीरावरचं, आणि परतूर काही गोदेवर नाही. पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातली पाथरी. ज्या सभेत हे मी ठासून सांगितलं होतं, तिथं नंतर दुरुस्ती केली का? नाही केली.

पण त्याच इतिहासात माझ्या सारणीचा मागही सापडतो. गोलग्रामचं दिवाकर दैवज्ञाचं घराणंही गोदाकाठचंच. ते काशीला गेलं. त्यातल्या विश्वनाथानं ग्रहलाघवावर उदाहरणं लिहिली, कमलाकरानं १६५८ मध्ये सिद्धान्ततत्त्वविवेक लिहिला, सगळं तिकडं. मुहूर्तचिंतामणीचा राम दैवज्ञ मूळ विदर्भातल्या घराण्यातला, ग्रंथ काशीचा. आमच्याच नदीवरची विद्या गंगेवर गेली आणि तिकडची पलभा घेऊन छापील रूपात आमच्या बाजारात आली. पलभा म्हणजे संपाताच्या दिवशी मध्यान्ही बारा अंगुळांच्या काठीची सावली. परतूरची सव्वाचार अंगुळं, काशीची पावणेसहा. दीड अंगुळाचा फरक माझ्या लाल फडक्यात बांधलेला होता.

आमच्यात भांडणं होतात ती अयनांशावरून. टिळक पंचांगवाला आणि चित्रापक्षवाला चार अंशांवरून एकमेकांशी बोलणं टाकतात. पलभेचं कुणी विचारत नाही. शहरात सहा महिन्यांचा वर्ग करून प्रमाणपत्र फ्रेम करणारे हल्ली पुष्कळ आहेत. पलभा म्हटलं की त्यांना एखादी देवी आठवते. मोबाईलला ती विचारावीच लागत नाही. जालना म्हटलं की तो अक्षांश आपणच घेतो. मी त्या मोबाईलला नावं ठेवत आलो, आणि माझ्या आकड्यांपेक्षा त्याचे आकडे बरोबर होते. ही गोष्ट रात्री तीनला जाग आली की आठवते.

मेषेच्या आरंभापासून मिथुनेच्या अखेरीपर्यंत दोन्ही सारण्यांत एकतीस पळांचं अंतर पडतं. बारा मिनिटं आणि वर थोडं. लग्नरास बहुधा टिकते, नवमांश हातचा जातो. मी वह्या काढल्या. घड्याळी वेळेवरून, रवीच्या अंशांवरून, एकेक पत्रिका पुन्हा मांडायला बसलो. डोळा दुखायला लागला की ती मुलगी मांडायची. चाळिसाव्या पत्रिकेवर ती थबकली. नाव तिच्या आईचं होतं.

ही पत्रिका मला चांगली आठवते. दुष्काळाच्या सालचा शेवट, वसंतसंपाताच्या आसपासचा दिवस, वेळ भर दुपारची. मिथुन लग्न. माझ्या सारणीनं मकर नवमांश दिला होता, आणि मकरेच्या स्वामी शनीवरून मी त्या बाईला पुष्कळ ऐकवलं होतं. कष्ट, उशीर, हाती आलेलं निसटणं. तेव्हा माझा आवाज चांगला लागायचा. आता मांडून पाहिलं तर नवमांश धनूचा, गुरूचा.

मार्चमध्ये, संपाताच्या दिवशी, आम्ही दोघं माझ्या जालन्याच्या घराच्या गच्चीवर गेलो. बारा अंगुळांची काठी तिनं ओळंबा लावून उभी केली. मी सवयीनं बाराला सावली मोजायला वाकलो. ती म्हणाली, "काका, अजून अर्धा तास आहे." बारा तेहतिसाला सावली सर्वांत आखूड झाली. तिनं खडूनं टोकाला खूण केली, मी बोटं लावली. चार अंगुळं आणि वर एक तृतीयांश. जालना परतूरपेक्षा जरा उत्तरेला, तेव्हा तेवढी हवीच. वडिलांचा आकडा बरोबर होता.

"आईला काय सांगायचं?" मी विचारलं.

ती खडूची खूण पुसत होती. "वेळ कुठून घेतली होती तुम्ही?"

तिच्या आजीकडूनच घेतली होती. पाझर तलावाच्या कामावर भाकरीची सुट्टी झाली तेव्हा, असं आजीनं सांगितलं होतं. त्याचे बारा मी केले होते.

"आजीकडं घड्याळ नव्हतं, काका," ती म्हणाली, आणि ओळंब्याची दोरी गुंडाळायला लागली.

तिची आई येत्या रविवारी येणार आहे. लाल फडकं मी धुवायला टाकलंय.