मळाचे शब्द

चि. सायली,


'फिल्थ', 'डर्ट', 'ड्रॉस' कोशात एकमेकांचे पर्याय म्हणूनच दिलेत, मग भाषांतरात कुठलाही घेतला तर काय बिघडलं, असं तू विचारतेस. बिघडतं गं. हे शब्द एका घरातले नाहीत.

'फिल्थ' अस्सल अँग्लो-सॅक्सन. 'होल'पासून 'हेल्थ' झालं, तसं 'फाउल'पासून 'फिल्थ'. आणि 'फाउल' मुळात मळलेलं नव्हे, सडलेलं. आपला जखमेतला पू त्याच मुळाचा. संस्कृत 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो, जसे पितृ आणि फादर. (संस्कृतात शुद्ध केलेला तो 'पूत' आणि कुजलेला तोही 'पूत'. धातू निराळे, पण शब्द शेजारी नांदतात. मला याचं फार नवल वाटतं.) 'डर्ट' नॉर्स लोकांकडून आला. मूळ रूप 'ड्रिट', अर्थ विष्ठा. पुढे अक्षरांची अदलाबदल झाली, आपल्याकडे डेस्कचा डेक्स होतो तशी, आणि अर्थ निवळत साध्या मातीपर्यंत आला.

बाकीचे शब्द मात्र कामाच्या जागेवरचे आहेत. वितळलेल्या धातूवर तरंगतो तो 'ड्रॉस', पिंपाच्या तळाशी बसतो तो 'ड्रेग्ज'. 'स्कम' डचांकडचा, मूळ अर्थ नुसता फेस; गुऱ्हाळात काहिलीवरून मळी काढतात ती डोळ्यांपुढे आण. 'गार्बेज' तर पंधराव्या शतकातल्या इंग्रजी पाकपुस्तकात चक्क एक पदार्थ आहे: कोंबडीची मुंडकी, पाय, काळीज, पोटातली पिशवी, सगळं एकत्र शिजवलेलं.

आणि 'गार्बल' विसरू नकोस. आज त्याचा अर्थ मजकुराची मोडतोड करणं. पण अरबीत 'गिर्बाल' म्हणजे चाळण, आणि इटालियन व्यापाऱ्यांमार्फत इंग्लंडात पोचलेल्या 'गार्बल'चा अर्थ होता मसाले चाळून निवडणं. लंडन शहरात मसाल्यांचा 'गार्बलर' हा अधिकारीच असे. कुठल्याही दुकानात, वखारीत शिरून माल तपासायचा आणि चाळून स्वच्छ करायचा हक्क त्याला होता. मलबारहून महिनोन्‌महिने प्रवास करून आलेल्या मिरीत देठ, धूळ, खडे असायचेच. चाळून काढलेल्या त्या कचऱ्यालाही 'गार्बल्स' म्हणत. पुढे लोक मालासारखा मजकूरही 'निवडू' लागले, सोयीचं ठेवून गैरसोयीचं गाळू लागले. तिथून हा शब्द उलटा फिरला. शुद्ध करण्याचा शब्द विटाळण्याचा झाला.

यातली खरी बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. भट्टीवरचा ड्रॉस, पिंपातला ड्रेग्ज यांत कुणाचा अपमान नव्हता. काम केलं की काही उरणारच, त्याला नाव हवं, एवढंच. सोळाव्या शतकात मात्र 'ड्रेग्ज' आणि 'स्कम' हे शब्द गोरगरीब माणसांना उद्देशून सर्रास वापरले जाऊ लागले. जे हात पिंप धूत होते, फेस काढत होते, त्यांनाच तळाचा गाळ म्हटलं गेलं. हा मला भाषेचा विकास वाटत नाही, तो अन्याय वाटतो. आणि भाषांतर करणाऱ्यानं तो झाकूही नये, वाढवूही नये. 'स्कम' माणसासाठी आला असेल तर 'गाळ' लिहून त्यातलं वरच्यांचं तुच्छतेनं बघणं दिसू दे. 'समाजातील दुर्बल घटक' असलं गुळगुळीत काही लिहू नकोस. बोलणारा तसं बोललेला नाही.

तुझ्या उताऱ्यात 'ड्रॉस' भट्टीजवळ आला असेल तर 'कचरा' नकोच, 'कीट' बघ. तरी एकदा ओतकाम करणाऱ्या कुणाला तरी विचार. मुशीतून वर आलेलं ते कशानं काढतात आणि त्याला काय म्हणतात, हे विचारून घेतल्याशिवाय ते वाक्य पक्कं करू नकोस.

तुझा,
मामा