आईचा फोटो

मागच्या दिवाळीत सगळे मिळून हर्णैला गेलो होतो. घरी येऊन मोजलं तर ४१२ फोटो! नुसत्या सुवर्णदुर्गाचेच ६०. आणि आई? फक्त ७ फोटोंत. त्यातले चार पाठमोरे, दोनांत डोळे मिटलेले आणि एकात सूर्यास्तापुढे उभी, म्हणजे नुसती काळी सावली.

चूक माझीच. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो. माणसाला समुद्राकडे पाठ करून उभं केलं की कॅमेरा मागच्या आभाळाचा उजेड धरतो आणि चेहरा काळा पडतो. फ्लॅश चालू करायचा, नाहीतर सरळ माणसालाच उन्हाकडे वळवायचं. एवढं साधं!

यंदा परत तिथंच गेलो. म्हटलं, किल्ला राहू दे. संध्याकाळी बंदरावर आई सुरमईच्या भावावरून कोळणीशी हुज्जत घालत होती, चेहऱ्यावर तिरपं ऊन. ‘इकडे बघ’ म्हटलंच नाही. गुपचूप तीन फोटो काढले.

रात्री तिला दाखवले. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "अगदी माझ्या आईसारखी दिसतेय रे मी!"

आजीचा एकही फोटो आमच्याकडे नाही.