एका दिवसाचा कागद

व्यापारी पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी जपून ठेवली जाते; त्यांच्या पानांत अडकलेली भावाची चिठ्ठी किंवा जाहिरातीचे पत्रक मात्र रद्दीत जाते. वास्तविक त्या दिवसाचा बाजार कसा होता, हे पुष्कळदा तीच चिठ्ठी अधिक स्पष्टपणे सांगते. अमेरिकेतील जुने निवडणूक-साहित्य जमविणारे संग्राहक नेमक्या अशाच कागदाच्या शोधात असतात. प्रचारपत्रके, भित्तिचित्रे, गीतपुस्तिका, उमेदवारांची चित्रे आणि मतपत्रिका हे सारे मतदानाच्या दिवसापुरतेच छापलेले असे. या छंदाला वाहिलेली ‘अमेरिकन पोलिटिकल आयटम्स कलेक्टर्स’ ही संस्था १९४५ पासून कार्यरत आहे.

या संग्रहातील सर्वांत बोलका कागद म्हणजे एकोणिसाव्या शतकातील मतपत्रिका. त्या काळी ती सरकार छापत नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची यादी छापून मतदारांना वाटत असे. पुष्कळदा कागदाचा रंग किंवा वरचे चित्र असे ठळक असे की, मतदाराने कोणाची पत्रिका पेटीत टाकली हे उभ्या असलेल्या मालकाला, सावकाराला वा पक्षाच्या माणसाला दुरूनच कळावे. पक्षाने पत्रिका वाटलीच नाही, तर त्याला मत देण्याचा मार्गच जवळजवळ बंद होई. १८६० साली दक्षिणेतील अनेक राज्यांत लिंकन यांच्या पत्रिका वाटल्याच गेल्या नाहीत. गुप्त मतदानाची सरकारी पत्रिका तेथे १८८८ पासून, प्रथम मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत, रूढ होऊ लागली.

१८९६ च्या निवडणुकीची पत्रके सराफी व्यवहार जाणणाऱ्यास विशेष जवळची वाटतील. ब्रायन यांना सोन्याबरोबर चांदीचीही मुक्त नाणेपाडणी हवी होती. मॅकिन्ले यांचा पक्ष सुवर्णाच्या बाजूने उभा होता. या वादाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १८९३ साली हिंदुस्थान सरकारने खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या, चांदीचा भाव कोसळला आणि अमेरिकेतील चांदीचा प्रश्न अधिकच पेटला. मॅकिन्ले यांच्या पक्षाने अनेक भाषांत कोट्यवधी पत्रके वाटली. त्यांतील फारच थोडी आज उरली आहेत.

जेथे दुर्मिळता येते, तेथे नक्कलही येते. १९७३ च्या अमेरिकी कायद्यानुसार राजकीय वस्तूच्या नकलेवर तिच्या निर्मितीचे वर्ष छापणे बंधनकारक आहे. तरीही जाणकार संग्राहक नोट पारखणाऱ्या रोखपालाप्रमाणे स्वतःच खात्री करून घेतो. भिंगाखाली ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, तर जुन्या शिळाछापाचा दावा संशयास्पद ठरतो. अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला, तर तो बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असतो. चिंध्यांच्या लगद्याचा जुना कागद चांगला टिकतो. पुढे आलेला लाकडी लगद्याचा स्वस्त कागद स्वतःच्या आम्लानेच पिवळा पडून मोडतो. म्हणून तो उजेड, उष्णता आणि दमटपणापासून दूर, आम्लरहित वेष्टनात ठेवावा लागतो. त्यावर प्लास्टिकचा थर चढविणे म्हणजे त्याचा नाश ओढवून घेणे होय.

बाजारात कोऱ्या, करकरीत प्रतीला अधिक भाव मिळतो. परंतु क्वचित एखाद्या मतपत्रिकेवर छापलेले नाव खोडून तेथे दुसऱ्या उमेदवाराच्या नावाची डिंक लावलेली पट्टी चिकटविलेली आढळते. पक्षाची सारी यादी मान्य असली, तरी एक नाव त्या मतदाराला मान्य नव्हते. आणि चारचौघांच्या नजरेसमोर मत द्यावयाचे असतानाही त्याने ते बदलले. तो मतदार कोण होता, हे आता कळण्याचा मार्ग नाही. त्याचा निर्णय मात्र त्या डागाळलेल्या कागदावर टिकून आहे. भाव पाहून खरेदी करणारा ही प्रत बाजूला सारील. इतिहासासाठी संग्रह करणाऱ्याने ती आधी उचलावी.